गॅस कोरडा, पाइप ओला

१० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी एक खोली डोळ्यांसमोर आणा. भर जुलैतली दमट हवा, तापमान ३० अंशांच्या आसपास. या खोलीतल्या हवेत वाफेच्या रूपात जवळपास पाऊण लिटर पाणी असतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी धरते, ती सगळी या पाण्याची करणी.

आता तीच खोली हवेऐवजी पाइपलाइनमधल्या नैसर्गिक वायूने भरा. अमेरिकेत बऱ्याच पाइपलाइन कंपन्यांची एक अट असते: १० लाख घनफूट गॅसमध्ये पाण्याची वाफ ७ पौंडांच्या वर जाता कामा नये. आपल्या खोलीच्या मापाने हे पाणी होतं जेमतेम सव्वातीन ग्रॅम. चहाचा छोटा चमचा अर्ध्याहून थोडा जास्त भरेल, बस.

पाऊण लिटर कुठे आणि अर्धा चमचा कुठे! पाइपलाइनवाले गॅसला ‘कोरडा’ म्हणतात तेव्हा त्यांना इतका कोरडा गॅस हवा असतो. आणि तरीही पाइपलाइनच्या पोटात पाणी सापडतं, चिखल सापडतो, काजळीसारखी काळी भुकटी सापडते. ओलावा मोजणारा मीटर ‘सगळं कोरडं आहे’ असं सांगत असताना सापडते. हे कसं होतं आणि बाहेर उभं राहून आतलं कसं ओळखायचं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यातल्या चुकीची किंमत माणसांनी जिवाने मोजलेली आहे.

घरी पाइपचा गॅस असेल तर शेगडीपाशी त्याचा दाब अगदी मामुली असतो, २१ मिलिबार. लांब पल्ल्याच्या मोठ्या पाइपलाइनमध्ये तोच गॅस ५० ते ९० बारने, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या ५० ते ९० पट दाबाने वाहत असतो. खाली जे काही सांगतो आहे ते या मोठ्या पाइपातलं आहे.

पाणी येतं कुठून

जमिनीखाली ज्या खडकात गॅस असतो तिथेच खारं पाणीही असतं. लाखो वर्षं पाण्याच्या शेजारी राहिलेला गॅस वर येतो तो वाफेने पुरता भरलेला. सोबत वाळूचे कण, मीठ, कार्बन डायऑक्साइड आणि काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात बसीन नावाचं गॅसक्षेत्र आहे (बसीन म्हणजे आपली वसईच). तिथल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे, म्हणून तो समुद्राखालून सुरतजवळच्या हजिऱ्याला आणतात. तिथे तो वायू काढून टाकतात, गॅस वाळवतात आणि मगच तो पुढे उत्तर प्रदेशापर्यंत जाणाऱ्या पाइपलाइनमध्ये सोडतात.

गॅस वाळवायची नेहमीची पद्धत म्हणजे ग्लायकोलचा टॉवर. टॉवरमध्ये गॅस खालून वर चढतो आणि ट्रायएथिलीन ग्लायकोल नावाचं दाट, पाण्यासाठी आसुसलेलं द्रव्य वरून खाली झिरपतं. वाटेत ते गॅसमधलं पाणी ओढून घेतं. मग ते २०० अंशांच्या आसपास तापवून त्यातलं पाणी उडवतात आणि पुन्हा टॉवरच्या डोक्यावर नेऊन सोडतात. हे चक्र वर्षानुवर्षं सुरळीत चालतं. पण ग्लायकोलला फेस आला, पंप बंद पडला किंवा मे महिन्याच्या दुपारी गॅस नेहमीपेक्षा गरम आला, तर काही तास ओला गॅस पुढे निघून जातो. फेस आल्यावर ग्लायकोलचे थेंबही गॅसबरोबर उडतात आणि पाइपच्या तळाशी जाऊन बसतात. या थेंबांकडे पुढे परत यायचं आहे.

पाणी शिरायची आणखी एक वाट आहे, ती बांधकामाच्या वेळची. नवी पाइपलाइन पाण्याने भरून, दाब देऊन तपासतात. नंतर ते पाणी काढतात, कोरडी हवा फिरवतात. पण कित्येक किलोमीटर लांबीच्या, चढउताराच्या नळीतून शेवटचा थेंब काढणं सोपं नसतं. फोमचे बोळे पाइपातून एकामागून एक पळवतात आणि बाहेर आलेला बोळा सुरीने मधोमध कापून पाहतात की गंज आणि धूळ किती खोल मुरली आहे. सगळ्या आधुनिक साधनांच्या शेजारी ही सुरीची परीक्षा अजून टिकून आहे, आणि ती टिकावी असंच मला वाटतं.

आता आकडा मोठा करून पाहू. दिवसाला १ कोटी घनमीटर गॅस वाहणारी पाइपलाइन धरा. ७ पौंडांची मर्यादा काटेकोर पाळली तरी त्या गॅसमधून रोज ११०० किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन जात असतं. म्हणजे रोज एक टनाहून जास्त. ते वाफ राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. त्यातला काही भाग जरी पाणी होऊन वाटेत थांबला तरी पंचाईत होते.

१० अंशाला बनणारा बर्फ

पहिली पंचाईत गोठण्याची. पाण्याचा बर्फ शून्य अंशाला होतो हे आपण शाळेत शिकतो. पण ७० बार दाबाखाली मिथेन आणि पाणी एकत्र आले तर १० अंशालाही बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. पाण्याचे रेणू एकमेकांत गुंफून पिंजरे बनवतात आणि प्रत्येक पिंजऱ्यात गॅसचा रेणू कोंडला जातो. याला हायड्रेट म्हणतात. एक घनमीटर हायड्रेटमध्ये दीडशे घनमीटरहून जास्त गॅस कोंडलेला असतो. थंडीत पाइपलाइनी तुंबतात त्या साध्या बर्फाने, असं पूर्वी समजत. अमेरिकेतल्या हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं की तो बर्फ नसून हायड्रेट आहे आणि म्हणूनच शून्याच्या वर, बऱ्यापैकी उबदार हवेतही पाइप तुंबतो.

तुंबलेला पाइप मोकळा करणं हे फार जपून करायचं काम आहे. गोळ्याच्या एका बाजूचा दाब घाईने उतरवला तर दुसऱ्या बाजूचा दाब तो गोळा बंदुकीच्या गोळीसारखा ढकलतो. पुढे वळण किंवा बंद व्हॉल्व्ह असेल तर पाइपच फुटतो. म्हणून दाब दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवायचा असतो.

पाइप गरम प्रदेशातला असला तरी सुटका नाही. दाब एकदम उतरवला की गॅस गार पडतो, साधारण दर बारला अर्धा अंश. शहराच्या वेशीवरच्या स्टेशनात ७० बारचा गॅस २५ बारवर आणला की तो वीसेक अंशांनी थंड होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यातही अशा रेग्युलेटरच्या पुढच्या पाइपावर दव धरलेलं दिसू शकतं. म्हणून मोठ्या स्टेशनांत दाब उतरवण्याआधी गॅस तापवतात. तुमची गाडी सीएनजीवर चालत असेल तर ही युक्ती तुमच्या बॉनेटखालीही आहे. टाकीतला २०० बारचा गॅस रेड्यूसरमध्ये दाब सोडताना गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्या रेड्यूसरमधून फिरवलेलं असतं.

दुसरी पंचाईत गंजाची, आणि ती जास्त लबाड आहे, कारण ती आवाज करत नाही. कोरडा कार्बन डायऑक्साइड पोलादाला काही करत नाही. त्यात पाणी मिसळलं की कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि पोलाद खाऊ लागतं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर तोही हात देतो. मीठ असेल तर काम आणखी जोरात. शिवाय अशा चिखलात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वस्ती करतात आणि ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवत राहतात. या सगळ्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, पाणी. बाकी मंडळी जमली तरी पाण्यावाचून त्यांचं काही चालत नाही.

तांब्याला सुटलेला घाम

मग पाणी मोजायचं कसं? सगळ्यात जुनी आणि मला आजही सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत आपल्या घरातल्या अनुभवावर उभी आहे. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो. हवा जितकी दमट तितका तो लवकर सुटतो. हवा कोरडी असेल तर तांब्या बराच जास्त थंड करावा लागतो. ज्या तापमानाला पहिला घाम दिसतो, तो त्या हवेचा दवबिंदू. दवबिंदू कळला की हवेत पाणी किती ते कळलं.

गॅससाठी तांब्याच्या जागी एक चकचकीत धातूचा आरसा असतो, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. तो जाड भिंतींच्या छोट्या कोठीत बसवलेला, कारण आत पाइपलाइनच्याच दाबाचा गॅस खेळवायचा असतो. आरशाच्या पाठीमागून प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पसरताना आरसा गार करतो. आरशाला थर्मामीटर जोडलेला असतो आणि समोर जाड काच असते. त्या काचेला डोळा लावून बसायचं. एका हातात गारवा सोडायचा व्हॉल्व्ह. घाई केली तर काम बिघडतं; दवबिंदूजवळ आलं की मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा वेगाने गार करायचं नाही. बघता बघता आरशाच्या मधोमध एक पांढुरका, गोल डाग उमटतो, थंडीत काचेवर श्वास सोडल्यासारखा. तापमान लिहून घ्यायचं. गारवा बंद करून डाग विरताना पुन्हा तापमान लिहायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे उत्तर. हे उपकरण अमेरिकेच्या खाण विभागाने १९३०च्या दशकात तयार केलं आणि त्याचं मूळ रूप आजही वापरात आहे.

याची खरी गंमत डाग ओळखण्यात आहे. गॅसमध्ये जड हायड्रोकार्बनही असतात, म्हणजे पेट्रोलच्या जातीचे द्रव बनू शकणारे घटक. त्यांचंही दव पडतं, पण ते पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलसारखं इंद्रधनुषी कडं बनून चमकतं. पाण्याचं दव निस्तेज, पांढरट. ग्लायकोल असेल तर त्याचा थर आणखी वेगळाच दिसतो. सरावलेला डोळा एका बैठकीत तीन गोष्टी सांगून जातो. आकडा देणाऱ्या मीटरला ते जमत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. दवबिंदू सांगताना दाब सांगितलाच पाहिजे. ७ पौंडांच्या मर्यादेतल्या गॅसचा दवबिंदू ७० बारला शून्य अंशाच्या आसपास येतो. तोच गॅस साध्या हवेच्या दाबाला आणला तर दवबिंदू उणे ३९च्या जवळ जातो. पाणी तेवढंच, आकडे दोन. युरोपात म्हणूनच अट लिहिताना दाबही लिहितात: ७० बारला उणे ८ अंश. दाब न लिहिता नुसतं ‘उणे ३०’ लिहिलेली नोंदवही पाहिली की मला कळत नाही की हा गॅस फार चांगला आहे की फार वाईट.

माणूस चोवीस तास काचेला डोळा लावून बसू शकत नाही, म्हणून आपोआप मोजणारी साधनं आली. एकात ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सच्छिद्र थर असतो. त्यात पाणी शिरलं की त्याची विजेची धारकता बदलते. दुसऱ्यात स्फटिक ठराविक लयीत थरथरतो. त्यावर पाणी बसलं की तो जड होतो आणि लय मंदावते. तिसऱ्यात फॉस्फरस पेंटॉक्साइडचा थर पाणी शोषतो आणि विजेने ते पाणी फोडायला किती करंट लागला यावरून पाणी मोजतात. ही सगळी साधनं गॅसच्या अंगाला अंग लावून मोजतात आणि तीच त्यांची दुखरी नस आहे. ग्लायकोलची पातळ साय त्यांच्यावर बसली की ती चुकीचं बोलू लागतात, आणि चुकीचं बोलताना आवाज तितकाच ठाम असतो.

गेल्या वीसेक वर्षांत लेझरच्या मीटरने बराच जम बसवला. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाशातल्या काही नेमक्या तरंगलांबी शोषून घेते. त्याच तरंगलांबीचा लेझर गॅसमधून पाठवायचा आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते पाहायचं. जितका कमी पोचला तितकी वाफ जास्त. मोजणाऱ्या भागाला गॅस शिवत नाही, त्यामुळे खराबी कमी, आणि उत्तर काही सेकंदांत. आतले परावर्तक मळले तर तेही लंगडं पडतं, पण निदान प्रकाश अंधूक झाल्याचं ते स्वतः सांगतं.

मीटर खोटं बोलत नाही, पण सगळं बोलत नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी काम केलेल्या एका स्टेशनात (नाव सांगत नाही) ओलाव्याचा मीटर कित्येक आठवडे छान कोरडे आकडे दाखवत होता. नेहमीच्या देखभालीत आम्ही मोठ्या फिल्टरचा तळ मोकळा केला, तर बादलीत काळं, चिकट, चहाच्या गाळासारखं पाणी उतरलं. बोटांत घेऊन चोळलं तर तेलकट लागत होतं. पहिला संशय मीटरवर आला. मीटर काढून तपासला, तो अगदी बरोबर होता. आमचा गोंधळ खूप दिवस गेला नाही.

कारण समजून घ्यायचं तर मीटरपर्यंत गॅस कसा पोचतो ते पाहावं लागतं. मुख्य पाइपात वरून एक बारीक नळी घुसवलेली असते आणि तिचं तोंड पाइपच्या मधल्या एकतृतीयांश भागात ठेवतात, म्हणजे भिंतीवरून ओघळणारा द्रव तिच्यात येऊ नये. पुढे फिल्टर असतो, त्यातला पडदा फक्त गॅस जाऊ देतो; थेंब आणि धूळ तो मागेच अडवतो. मग दाब उतरवतात, तिथे गारठून पाणी पडू नये म्हणून रेग्युलेटर तापवलेला असतो. नळ्याही तापवलेल्या, आतून गुळगुळीत केलेल्या स्टेनलेस स्टीलच्या, कारण पाण्याचे रेणू नळीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि आकडा तासन्‌तास मागे रेंगाळतो. एवढी सगळी काळजी मीटरच्या भल्यासाठीच असते, आणि ती घ्यायलाच हवी. पण परिणाम काय झाला? तळाशी वाहणारं पाणी आणि उडणारी भुकटी मीटरच्या दारातूनच परत पाठवली. हंड्यातलं वरचं निवळ पाणी चाखून तळाला गाळ नाही असं म्हणण्यासारखं हे झालं.

इथे एखादा जाणकार वाचक विचारेल: तळाशी खरोखर पाणी असेल तर ते वाफ होऊन गॅसमध्ये मिसळेलच ना? मग मीटरला दिसलं पाहिजे. शंका रास्त आहे. शुद्ध पाण्याचं डबकं असेल आणि मीटर त्याच्या पुढे असेल, तर दिसेलही. पण पाइपच्या तळाचं पाणी शुद्ध क्वचितच असतं. त्यात टॉवरमधून उडून आलेलं ग्लायकोल असतं, आणि ग्लायकोलचं कामच पाणी धरून ठेवणं. मीठ असतं, तेही पाणी सोडत नाही. वर कॉम्प्रेसरचं तेल आणि भुकटीचा थर बसलेला. असा चिखल वरून कोरडा गॅस वाहत असतानाही ओला राहू शकतो. त्यातून मीटर एका जागी आणि डबकं पुढे ३० किलोमीटरवर, तर मीटरला ते कळणार कसं?

पेकोस नदीकाठी

१९ ऑगस्ट २००० रोजी पहाटे ५ वाजून २६ मिनिटांनी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कार्ल्सबाडजवळ, पेकोस नदीकाठी ३० इंच व्यासाची पाइपलाइन फुटली. एल पासो नॅचरल गॅस या कंपनीची ही पाइपलाइन १९५० मध्ये टाकलेली होती. तिथे पाइपलाइन नदी ओलांडायची ती एका पुलावरून, आणि त्या पुलाखाली काही कुटुंबांनी मुक्काम केला होता. ती १२ माणसं गेली. आग ५५ मिनिटं जळत होती. जमिनीत ११३ फूट लांब आणि ५१ फूट रुंद खड्डा पडला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सखोल तपास केला. पाइप बाहेरून कुणी खणून फोडला नव्हता. तो आतून गंजला होता; काही ठिकाणी भिंतीची ७० टक्क्यांहून जास्त जाडी खाल्ली गेली होती. फुटलेली जागा पाइपच्या सखल भागात होती, द्रव साचेल अशी. पाइपातलं द्रव बाजूला जमा व्हावं म्हणून अलीकडे एक सापळा बसवलेला होता. तो काळसर, तेलकट, भुकटीसारख्या गाळाने अर्धवट तुंबला होता. त्यामुळे काही द्रव सापळ्यावरून पुढे निघून गेलं आणि सखल जागी साचत राहिलं. आणि पाइपलाइनच्या त्या भागातून साफसफाईचं यंत्र पाठवण्याची सोयच नव्हती.

या तपासाने मला शिकवलेली गोष्ट अशी की पाणी आणि घन गाळ ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत. गाळाने सापळा तुंबवला म्हणून पाणी पुढे गेलं, पाण्याने गंज चढवला, आणि गंजातून आणखी गाळ तयार झाला. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत २००२ मध्ये पाइपलाइन सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि दाट वस्तीजवळच्या गॅस पाइपलाइनींची ठराविक काळाने तपासणी सक्तीची झाली.

आपल्याकडे २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीची १८ इंची पाइपलाइन फुटली आणि घराघरांत झोपलेली माणसं आगीत सापडली. वीसहून जास्त माणसं दगावली. चौकशीत निघालेलं कारण वाचताना न्यू मेक्सिको आठवल्याशिवाय राहत नाही: कोरड्या गॅससाठी असलेल्या पाइपलाइनमधून पाणी असलेला ओला गॅस वाहत होता आणि पाइप गंजला होता. कार्ल्सबाडनंतर १४ वर्षांनी, तीच गोष्ट, आणि या वेळी भर वस्तीत.

काळी भुकटी

पाइपलाइनच्या धंद्यात तिला ‘ब्लॅक पावडर’च म्हणतात. नाव एक असलं तरी ती एक वस्तू नाही. कुठे ती आयर्न सल्फाइड असते, कुठे लोखंडाचं ऑक्साइड, कुठे कार्बोनेट. सोबत वाळू, मीठ, कारखान्यातून पाइपवर आलेली पोलादाची खपली. कण इतके बारीक की बरेचसे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. बोटाला लागली तर रेघांत जाऊन बसते आणि दोन दिवस साबणाला दाद देत नाही. गॅसच्या वेगाने धावणारी ही भुकटी व्हॉल्व्हच्या कडा पॉलिश पेपरसारख्या घासून काढते, कॉम्प्रेसरमध्ये शिरते, गॅस मोजणाऱ्या मीटरवर बसून हिशेबाचे आकडे चुकवते.

प्रयोगशाळेत ती कशाची आहे ते तपासणं फार मोलाचं. सल्फाइड जास्त निघालं तर हायड्रोजन सल्फाइड किंवा जिवाणूंकडे बोट जातं. कार्बोनेट निघालं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची जोडी कुठेतरी आत बसलेली आहे. म्हणजे भुकटी ही घाण तर आहेच, पण आतल्या आजाराची खबरही तीच देते.

ती वाहत असताना पकडायची कशी? सगळ्यात साधा इशारा फिल्टर देतो: त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक वाढू लागला की काहीतरी अडकतंय. नमुना घ्यायचा तर नळीत गॅस शिरण्याचा वेग मुख्य प्रवाहाच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. कमी-जास्त झाला तर जड कण आणि हलके कण यांचं प्रमाण बिघडतं आणि नमुना फसवा निघतो. विहिरींजवळ, जिथे वाळूची भीती जास्त, तिथे पाइपच्या वळणावर बाहेरून ध्वनीचा सेन्सर बांधतात. वळणावर कण भिंतीला आपटतात, त्यांचा कानाला न ऐकू येणारा आवाज तो टिपतो. पाइपच्या अंगाला काही लागत नाही.

गंज थेट मोजायचीही सोय आहे. पोलादाची छोटी पट्टी वजन करून पाइपात टांगायची आणि काही महिन्यांनी काढून पुन्हा वजन करायची. किंवा तारेसारखा बारीक धातूचा तुकडा आत ठेवून त्याचा विद्युत रोध बघत राहायचं; तो झिजला की रोध वाढतो. पट्टी कुठे टांगली याला मात्र सगळं महत्त्व आहे. पाइपच्या माथ्यावर टांगली तर ती वर्षभर चकचकीत राहील आणि तळ गंजत राहील.

तळ कुठे गंजेल याचं गणितही मांडता येतं. गॅसचा प्रवाह पाण्याला पुढे ढकलतो. चढ सौम्य असेल तर पाणी ढकलत ढकलत वर चढतं. चढ तीव्र असेल तर घाटात दमलेल्या ट्रकसारखं ते मागे घरंगळतं आणि पायथ्याशी साचतं. गॅसचा वेग आणि दाब माहीत असेल तर कोणत्या कोनाच्या पुढे पाणी चढणार नाही ते काढता येतं. मग पाइपलाइनचा उंचसखल नकाशा घेऊन पहिला असा तीव्र चढ शोधायचा आणि त्याच्या पायथ्याशी खणून, बाहेरून ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजायची. २००६ पासून यासाठी लिखित मानक आहे. जिथे आतून तपासणारं यंत्र जाऊच शकत नाही अशा जुन्या पाइपलाइनींना याचा मोठा आधार आहे.

अलीकडे थेट डोळा लावायचीही सोय झाली आहे. पाइपला जाड काचेची खिडकी बसवून, उजेड टाकून, कॅमेऱ्याने आतलं दृश्य सतत पाहायचं. मीटर कोरडं म्हणत असताना तळाशी धावणारा द्रवाचा ओहोळ यात सरळ दिसतो. त्या आरशाच्या उपकरणाशी याचं नातं आहे, दोन्हीकडे माणसाला काहीतरी पाहू दिलं जातं.

आणि शेवटी पिग. पाइपच्या आतल्या मापाचं, रबरी चकत्यांचं, कधी ब्रश आणि चुंबक लावलेलं हे यंत्र गॅसच्याच दाबाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं आणि वाटेतला गाळ पुढे लोटत आणतं. ते ज्या पेटीत येऊन थांबतं ती उघडणं हा मला पाइपलाइनवरचा सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. दाब शून्य झाल्याची दोन-दोनदा खात्री करायची, मग झाकण सावकाश उघडायचं. आयर्न सल्फाइड हवेत सुकलं की आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून आधी पाण्याचा फवारा आणि मगच खोरं. गाळ ओला ठेवूनच पिंपात भरायचा. किती किलो निघाला ते वजन करायचं, त्यातलं पाणी किती ते वेगळं मोजायचं, बाटलीत नमुना भरून त्यावर तारीख आणि पाइपचा टप्पा लिहायचा.

बऱ्याच ठिकाणी हे आकडे देखभालीच्या वहीत जातात आणि ओलाव्याचे आकडे कंट्रोल रूमच्या संगणकात राहतात. दोन्ही पाहणारी माणसंही वेगळी. आमच्या त्या स्टेशनात बादलीच्या प्रकारानंतर एकाच पानावर दोन रकाने आखले: डावीकडे मीटरचा दवबिंदू, दाबासकट, उजवीकडे फिल्टर आणि पिगमधून निघालेलं वजन. तिसऱ्या महिन्यात उजवा रकाना वाढताना दिसला, डावा तसाच होता. आम्ही अलीकडच्या ग्लायकोल टॉवरच्या लोकांना फोन लावला.